जोडबंगल्याचा जिना

उदगीर, १४ नोव्हेंबर

अक्का, शरणार्थ.

फोन तुम्ही उचलत न्हाईत. व्हॉट्सअपवर खुणा निळ्या होतात, म्हणजे वाचता आणि गप बसता. म्हणून कागद घेतला. पत्र फाडायचं म्हणलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

मला दोन गोष्टी पाहिजेत. जोडबंगल्यातल्या तुमच्या बाजूच्या घराची किल्ली, आणि वरच्या मजल्यावर मधल्या भिंतीत एक दार पाडायची परवानगी. मागणं आधी सांगून टाकलं. थोरल्या जावेपुढं पदर पसरायची मला सवय न्हाई, तुम्हाला ठाऊकच हाय. आता कारण ऐका.

ह्यांना गेल्या वर्षी दुकानात पहिला झटका आला, ते तुमच्या कानावर गेलं असंल. तुमचं नांदेड काही विलायतेत न्हाई. लातूरच्या दवाखान्यातून हे काठी टेकत परत आले. मी खाली पुढच्या खोलीत पलंग टाकून ठेवला होता. दारातून ह्यांनी तो पलंग बघितला, काठी टाकून दिली, आणि कठडा धरून सरळ जिना चढायला लागले. भेटायला आलेले लोक म्हणले, काय जिद्द हाय मालकाची! मी म्हणलं, हाव, जिद्दच. पण अक्का, आपल्या घरात पुढच्या खोलीत पलंग कशासाठी पडतो ते ह्यांना मालूम, तुम्हाला मालूम आणि मलाबी मालूम. पलंग टाकताना एवढी अक्कल मला पाहिजे होती.

दुसरा झटका वरच आला. डावा हात, डावा पाय गेला. शब्द तुटून तुटून येतात. डॉक्टर घरी येऊन तपासतात. ते म्हणतात, लातूरला रोज व्यायाम करून घेतला तर माणूस पायावर उभा राहील, पण आत्ता न्या. एकदा पाय आखडला की मग कुणाच्या हातात काही न्हाई. सुकन्यानं बापासाठी म्हणून लातूरात मुद्दाम तळमजल्याचं घर घेतलंय. पोरगी रोज विचारते, आई, कधी आणून राहिलीस? मी काय सांगू तिला? बाप वर, आणि आमच्या बाजूचा जिना कसा हाय ते तुम्ही इतकी वर्षं बघितलेलं हाय. तुमच्या बाजूचा मात्र सरळ आणि रुंद. म्हणून भिंत.

राग माझ्यावर काढा, किल्लीवर काढू नका.

तुमची,
शिवकन्या

उदगीर, २९ नोव्हेंबर

अक्का,

उत्तर न्हाई. बरं. मीबी हट्टीच हाय, लिहीत राहीन.

परवा एक पोरगी आली, आरती नावाची. नांदेडला कॉलेजात घरांचे नक्शे काढायला शिकते. गळ्यात कॅमेरा, हातात मापाची फीत. म्हणली, "काकू, हे सेमी-डिटॅच्ड व्हिला हायत, इंग्लंडात असतात तसे. आपल्या भागात असं जोडीचं घर मी दुसरं बघितलं न्हाई." मी म्हणलं, "बाई, आम्ही ह्याला जोडबंगला म्हणतो. आधी आत राहून बघ, मग कौतुक कर."

पण तिला हिंडवलं सगळीकडं. बोलायला माणूस मिळालं होतं, खोटं कशाला बोलू. आमचं जे डावीकडं ते तुमचं उजवीकडं, हे बघून तर ती नाचायचीच बाकी राहिली. दोन कमानी, दोन पुढं आलेल्या खिडक्या, वरून एकच छप्पर. मधल्या भिंतीत पाठीला पाठ लावून दोन अंगेठ्या, आणि दोन्हीला मिळून एक धुराडं. "ह्यात कधी विस्तव पेटला का?" तिनं विचारलं. मी म्हणलं, "उदगीरच्या उन्हाळ्यात विस्तव कोण पेटवतं गं? आमच्यात त्यातून गप्पा चालायच्या." आठवतं का अक्का? तुम्ही तिकडून अंगेठीत तोंड घालून ओरडायच्या, "शिवे, कोथिंबीर हाय का?" आणि मी इकडून म्हणायची, "हाय, पण देणार न्हाई." आता त्यात पारवे घुमतात.

मग जिन्यापाशी आलो. तिनं फीत लावली, वळणावर थांबली, म्हणली, "एवढ्या मोठ्या घराला जिना इतका चिंचोळा का केला?" तिला सगळं सांगावं लागलं. आजेसासरे रेवणप्पा डाळीच्या व्यापारासाठी सिकंदराबादला जायचे. तिथं छावणीत गोऱ्या साहेबांची अशी जोडघरं बघितली आणि येडेच झाले. दोन पोरांसाठी तस्संच पाहिजे, भांडले तरी छप्पर एकच राहील. साहेबाला खालची बैठक मोठी लागते, म्हणून जिना भिंतीला चिकटवून, मधी वळण देऊन, जेमतेम एका माणसाचा. आजोबांनी तोबी तसाच उचलला. पण साहेबाच्यात मेलेल्याला आडवं घालून नेतात, आपल्यात बसवून नेतात. आजोबांनी बंगला सगळा बघितला. साहेब मेल्यावर खाली कसा येतो, एवढं मात्र कुणाला विचारलं न्हाई.

आणि वरच्या मजल्यावर पहिले वारले ते आजोबा स्वतःच. बसवलेला देह त्या वळणातून निघंना. शेवटी पुढची खिडकी चौकटीसकट काढली आणि दोर लावून उतरवलं. सगळा बाजार खाली उभा राहून बघत होता. तवापासून घराला नियम लागला, माणूस शेवटाला आला की जित्तेपणीच खाली आणायचं, पुढच्या खोलीत. आपल्या सासूबाई तशाच आल्या, सासरे तसेच आले. खाली आलेलं कुणी परत वर गेलं न्हाई. गावालाबी हे पाठ झालंय. पुढच्या खोलीत पलंग दिसला की लोक हार घेऊनच येतात.

आरतीचा चेहरा उतरला. "म्हणून काका खाली येत न्हाईत?" म्हणली. पोरगी हुशार हाय. लगेच वर जाऊन मधली भिंत बोटांनी ठोकत फिरली. धुराड्याच्या अलीकडं भिंत नुसत्या विटेची हाय, छपराचा भार तिच्यावर न्हाई, वर लोखंडी तुळई टाकून तिथं दार पाडलं तर दोन्ही घरांना धक्का लागत न्हाई, असं तिनं सांगितलं. तिच्या सरांनाबी फोन करून विचारलं.

भूकंपात तुमचा जिना फाटला तवा भावजींनी तो काढून सरळ सिमेंटचा घातला. ह्यांनी आमचा ठेवला, सागवानी म्हणून. केवढा तोरा होता त्या सागवानाचा! आता मी भोगून राहिले.

भिंत अर्धी तुमची हाय, म्हणून विचारते. न्हाई तर कवाच फोडली असती.

शिवकन्या

उदगीर, ११ डिसेंबर

अक्का,

तुमची वाट बघून कंटाळले आणि काल मीच करून बघितलं.

दुकानातले गडी बोलावले, ह्यांना खुर्चीत बसवलं, चादरीनं कमरेला बांधलं. ह्यांना म्हणलं, अंगणात ऊन खायला न्यायचंय. धडधडीत खोटं. पहिल्या पायऱ्या नीट उतरल्या. वळणावर खुर्ची अडकली. तिरकी करा, उचला, मागं घ्या, सगळं झालं. तेवढ्यात ह्यांना कळलं. उजव्या हातानं कठडा धरला आणि सोडंनाच. अर्धं अंग गेलेला माणूस, पण त्या धट्ट्याकट्ट्या गड्यांना ती बोटं उकलंनात. आणि ओरडले, "मला उतरवू नका!" अक्का, एक वाक्य धड न बोलणारा माणूस, इतकं लख्ख बोलला की समोरचे शिवलिंगकाका रस्ता ओलांडून आले. गड्यांनी घाबरून परत वर नेऊन निजवलं.

मी जिन्यातच बसून रडले. दुःखानं न्हाई, रागानं. कुणावर ते विचारू नका. ह्यांच्यावर, त्या रेवणप्पा आजोबांवर, त्या साहेबावर, तुमच्यावर. तुम्ही नांदेडला लेकाकडं, महांतेशच्या घरात बाल्कनीत बसून चहा पिऊन राहिल्या, आणि मी इथं. खाली चूल, वर माणूस, आणि मधी तो जिना. गुडघे झिजून गेले माझे. पेज वर न्यायची, भांडी खाली आणायची, तेवढ्यात हे वरून काठी आपटतात. शेजारची बाई भाजी आणून देते. लग्नाच्या पत्रिका येतात, त्या मी नुसत्या वाचते. ती आरती म्हणली, काकू, खिडकीची काच किती सुंदर हाय! हाय ना. लाल काचेतून लाल बाजार दिसतो, हिरव्यातून हिरवा. पण त्या बाजारात जाऊन मला मिरच्या निवडून घेता येत न्हाईत.

आता जे आपण दोघी बोललो न्हाई ते बोलते.

भावजींना त्या दिवशी धाप लागली होती. डॉक्टरांनी लातूरला न्या म्हणलं. गाडी येईपर्यंत तुम्ही त्यांना पुढच्या खोलीत आणून निजवलं. त्यात काय चुकलं? काहीच न्हाई. पण दारातून लोकांना पलंग दिसला. कुणी हार आणला, कुणी विभूती. मठातून स्वामी आले. जित्त्या माणसाच्या पाया पडून लोक बाजूला रांगेनं बसायला लागले. गाडी आली तोवर भावजी गेले. आणि ह्यांनी सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणलं, "वहिनी, तुम्ही दादाला उतरवून मारलात."

विधी झाले, तुम्ही कुलूप लावलं आणि गेल्या. ह्यांच्या वतीनं माफी मी मागणार न्हाई. ज्याचं तोंड त्यानं मागावी, अर्धं तरी चालतंय अजून.

पण एक ऐका. हे आता मला एकच गोष्ट विचारतात. पाठ चोळताना, पेज भरवताना, कवाबी. "दादा... खाली... काय म्हणला?" मला काय माहीत? मी गर्दीला पाणी देत होते. उशाशी तुम्ही होता. काय म्हणले भावजी? तेवढं लिहा अक्का. मला न्हाई, त्यांना पाहिजे.

शिवकन्या

उदगीर, २६ डिसेंबर

अक्का,

कुरियरवाल्यानं फाटकातून हाक मारली. किल्ली मिळाली. तुमचं अक्षर बघून आधी लई बरं वाटलं. मग वाचलं, आणि तिथंच पायरीवर बसले.

भावजी चपला मागत होते. "नागम्मा, माझ्या चपला दे," असं म्हणतच राहिले, आणि तुम्ही म्हणलं, आता कशाला, निजा. तुम्ही लिहिता, "मला वाटलं उचलून गाडीत ठेवू, चपला कशाला. पण खरं सांगू शिवे, मलाबी तवा आतून वाटलंच होतं की आता संपलं. ते लातूरला निघाले होते आणि मी त्यांना मेल्यात धरलं. तुझे मालक बोलले ते मी विसरू शकत न्हाई, कारण ते मला खोटं वाटत न्हाई."

अक्का, तुम्ही मारलं न्हाई. हे मी समजूत काढायला लिहीत न्हाई. मला समजूत काढता येत न्हाई, तुम्हीच तसं म्हणायच्या. धाप लागलेला माणूस चपला घातल्यानं वाचत न्हाई. पण तुम्ही हे एकटीनं इतके दिवस उरावर घेऊन बसल्या आणि मी तुम्हाला चहा पिणारी म्हणलं. जीभ झडो माझी.

ह्यांना वाचून दाखवलं. दाखवू का नको, ह्यात दुपार गेली. मग म्हणलं विचारलंय त्यांनी, उत्तर त्यांचं हाय. सगळं ऐकलं. लई रडले. नाक, डोळे, सगळं मीच पुसलं. रडणं थांबल्यावर शेवटची ओळ परत वाचायला लावली, तुम्ही लिहिली ती: "भिंत फोड. पण मालकांना हलवायच्या आधी, वर हायत तिथंच, पायात चपला घाल."

मग गोधडीतून उजवा पाय बाहेर काढला.

शिवकन्या

लातूर, ९ जानेवारी

अक्का,

वर गावाचं नाव बघितलं का? परत बघा.

आता नीट सांगते. गवंड्यानं धुराड्याच्या अलीकडं खूण केली, आरती बाजूला उभी राहिली, तिचे सर नांदेडहून आले. तुळई आधी बसवली, मग विटा काढल्या. एवढी जुनी भिंत, पण शेवटी पांढरी धूळ तेवढीच उडाली. पलीकडं तुमची खोली दिसली, पलंगावर चादर टाकलेली. मला हुंदका आला, मग मी गवंड्यावर ओरडले की धूळ आवर.

ह्यांच्या चपला कपाटावरून काढल्या. उजवी नीट बसली. डावी गळून पडायला लागली, पायात जीवच न्हाई. मग साडीचा काठ फाडून बांधली. ह्यांना म्हणलं, "खाली न्हाई, आधी पलीकडं जायचं. वहिनींच्या घरात." मान हलवली. खुर्चीतून त्या दारातून पलीकडं गेलो. ह्यांनी चहूकडं बघितलं. आमच्यासारखीच खोली, पण सगळं उलट्या बाजूला. खिडकी जिथं आमचं कपाट तिथं. ह्यांना हसू आलं.

जिन्याच्या तोंडाशी आल्यावर गड्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी डोळे मिटले, उजवा हात मांडीवर घट्ट दाबून धरला, कठड्याकडं नेलाच न्हाई. तुमच्या त्या साध्या सिमेंटच्या जिन्यावरून गडी चालत आल्यासारखे खाली आले. भावजींना मनातल्या मनात शंभर नमस्कार घातले मी.

पुढच्या खोलीत ह्यांनी हात वर केला. थांबा. जिथं भावजींचा पलंग होता तिकडं बघत राहिले. म्हणले, "वहिनीला... म्हणाव... घातल्या." आणि मग, "चुकलो." दोन्ही तसंच्या तसं लिहिलंय, माझं एक अक्षर त्यात न्हाई.

बाहेरचं दार उघडलं. भिंत फुटल्याची वार्ता गावभर झाली होती, म्हाताऱ्याला उतरवून राहिले म्हणून सगळी गल्ली जमलेली. पुढं शिवलिंगकाका, हातात शेवंतीचा जाड हार. मागं स्वामी, विभूतीचा बटवा घेऊन. बायकांनी डोक्यावर पदर घेतलेले. अक्का, मला तोच दिवस परत दिसला. वाटलं, दार लावून घ्यावं आणि ह्यांना उचलून परत वर न्यावं.

काका दोन्ही हातांत हार धरून पुढं आले. वाकले. वाकताना नजर ह्यांच्या पायांवर गेली. तिथंच थांबले. चपला बघितल्या, साडीच्या काठानं बांधलेली डावी बघितली. हळूच सरळ झाले.

"मालक," म्हणले, "कुठं निघालाव?"

हे बोलायला बघतात, ओठ हलतात, शब्द येत न्हाई. मी तोंड उघडलं होतं, पण आवरलं. म्हणलं, विचारलंय त्यांना.

"ला... लातूरला."

"असं व्हय!" काका म्हणले. "मग ह्या हाराचं काय करू?"

मी म्हणलं, "गाडीला घाला."

आणि घातला हो त्यांनी, गाडीच्या नाकावर. स्वामींनी चाकाला विभूती लावली. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यातच ह्यांना गाडीत बसवलं. शेजारच्या बाईनं लातूरातल्या तिच्या जावयाला काहीतरी द्यायला पिशवीबी दिली. प्रवासाला निघालेल्या माणसालाच लोक पिशवी देतात, न्हाई का?

इथं आल्यापासून रोज व्यायाम चाललाय. काल सुकन्यानं आणि त्या व्यायामवाल्या पोरीनं दोन्हीकडून धरून उभं केलं. पाय थरथर कापत होता, पण उभे होते. पुढं काय होईल ते डॉक्टरबी छातीवर हात ठेवून सांगत न्हाईत. तुमची किल्ली माझ्याकडंच हाय. कुरियरनं पाठवणार न्हाई, न्यायला या.

आणि एक सांगायचं राहिलं. नळेगावला गाडी चहाला थांबली. मी दार उघडून पाय खाली टाकला तर खडी टोचली. बघते तर पायात चपला न्हाईत. ह्यांच्या बांधण्याच्या नादात माझ्या राहिल्या असं म्हणणार होते, पण तसं न्हाई अक्का. घरात कुठं हायत तेच मला आठवंना. लागल्याच नव्हत्या किती दिवसांत. ह्यांनी आतून बघितलं, म्हणले, "शिवे... तू... अनवाणी?" मला एकदम भ्याच वाटलं. तिथल्या बाजारात पहिलं दुकान दिसलं तिथं तशीच गेले आणि एक जोड घेतला, भाव न करता.

नव्या हायत, लई चावून राहिल्यात. तरी काल संध्याकाळी त्याच घालून सुकन्याच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. काही काम नव्हतं.

तुमची,
शिवे